पवनचक्कीची बशी

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला लगामही नाही. माझी बायको ज्योत्स्ना पस्तीस वर्षं हेच सांगत आली, आणि मी पस्तीस वर्षं हसण्यावारी नेलं.

मला जुन्या डच बशांचं वेड. पांढऱ्या चिनीमातीवर हातानं रंगवलेल्या निळ्या होड्या, फुलं, पवनचक्क्या. कृषी विद्यापीठात नोकरी केली, दुसरा कोणता शौक केला नाही. अकोल्याच्या भंगारवाल्यांपासून थेट मुंबईपर्यंत हिंडून अकरा बशा जमवल्या आणि तळहाताच्या फोडासारख्या जपल्या. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. ज्योत्स्नानं धूळ पुसायची ती फक्त काचेवरची.

बारावी बशी मागच्या हिवाळ्यात मिळाली. इथल्याच, अकोल्यातल्या, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, त्यात. कडेला बारीक चीर, पण पवनचक्की अशी की बाप्पा, पाहत राहावं. ती पाहायला रविवारी अमरावतीहून गजेंद्र आला, तोही माझ्यासारखाच येडा. मी बशी टेबलावर मऊ फडक्यावर ठेवली, उलटी करून कारागिराची खूण दाखवली.

माझे वडील, डोमाजी, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. शहाऐंशी वर्षांचे. हिवरखेडहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे आलेले. ते उठले, हळूहळू टेबलाजवळ आले आणि त्यांनी बशीकडे हात नेला.

"हात नका लावू!" मी ओरडलो.

पाहुण्यासमोर, जन्मदात्या बापावर. बाबांनी हात छातीशी घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि "नाई लावत" म्हणाले. मग चपला घालून अंगणात जाऊन बसले. आणि मी, कपाळ माझं, गजेंद्रला ती चीर समजावत राहिलो.

गजेंद्र गेल्यावर ज्योत्स्नानं मला सांगितलं. आदल्या दिवशी बंगल्याचं नाव ऐकून बाबा तिच्याजवळ बोलले होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या आधीची गोष्ट. चौदा वर्षांचे असताना ते त्याच बंगल्याचं अंगण झाडायचे. धुतलेल्या बशा उन्हात मांडलेल्या असायच्या. आमच्या जातीच्या पोराचा हात लागू नये म्हणून तिथला कारभारी लांबूनच ओरडायचा. ही चक्की बाबांनी तेव्हा लांबूनच पाहिली होती. आता एकदा हातात घेऊन पाहतो, असं सुनेला म्हणाले होते.

बशी घेऊन मी अंगणात गेलो आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. चुकलो म्हटलं, घ्या हातात, फुटली तरी चालते म्हटलं. त्यांनी दोन्ही हात बाजूला घेतले. बराच वेळ चित्राकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"कारभारी म्हणे तवा मले काही वाटत नव्हतं," ते म्हणाले. "त्यायची बशी व्हती. मले वाटलं, आता आपली हाये."

शेवटी बशी त्यांच्या मांडीवरून मलाच उचलावी लागली.