वाट बघणाऱ्या बाईबद्दल तुतिकचं मत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुतिकचं किलोवर कपडे धुऊन देण्याचं दुकान आहे. दोन यंत्रं, एक इस्त्रीचं टेबल आणि मागे दोरीवर टांगलेले लोकांचे शर्ट. त्या शर्टांच्या आड उभी राहून ती फोनसमोर बोलते, कारण तिथे रस्त्याचा आवाज पोचत नाही. बोलते ते कादंबऱ्यांबद्दल. ती काही मोठी जाणकार नव्हे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा सगळे वाचतात तीच पुस्तकं तीही वाचते, आणि वाचून झाल्यावर जे मनात येईल ते दोन मिनिटांत बोलून नेटवर टाकते.

मी तिच्या घरासमोर राहते, त्यामुळे पुष्कळदा मला ते आधीच ऐकायला मिळायचं. एका श्रीमंत मालकानं नोकरीतल्या मुलीशी करार करून लग्न केल्याची कादंबरी मध्यंतरी फार गाजली होती. तिच्याबद्दल तुतिक म्हणाली, "हा माणूस पहिल्या पन्नास पानांत तिचा फोन काढून घेतो आणि शेवटी तिला फुलं देतो. फुलं राहू दे, फोन परत दिला असता तरी मी खूश झाले असते." विद्यार्थिनींच्या वसतिगृहातल्या भुताची एक गोष्ट होती. त्यावर तुतिकचं म्हणणं असं की भूत चांगलं आहे, माणसंच कंटाळवाणी आहेत, भुताला आणखी पानं द्यायला हवी होती. एका कॉलेजातल्या प्रेमकथेबद्दल ती म्हणाली होती की दोन दिवसांत वाचून होते, तिसऱ्या दिवशी आठवत नाही, पण ते दोन दिवस इस्त्री करायला कंटाळा आला नाही. लोकांना हे आवडायचं. आधी गल्लीतले ऐकायचे, मग अख्खं मालांग शहर ऐकायला लागलं, मग कुठकुठले लोक.

यंदा 'बंदरासमोरचं घर' ही कादंबरी आली. आमच्याकडे जिनं ती वाचली नाही अशी बाई सापडणं अवघड. सकार नावाच्या बाईचा नवरा जहाजावर जातो आणि परतत नाही. ती रोज संध्याकाळी बंदराकडच्या खिडकीत दिवा लावते. वर्षं जातात. एकदा ती समुद्रात गळ्यापर्यंत चालत जाते आणि माघारी फिरते. शेवटी तो येतो, म्हातारा होऊन, आणि ती काही न विचारता त्याच्या पायांवर कढत पाणी ओतते. मी तर ते पान वाचताना हमसून हमसून रडले होते, आणि तसं तुतिकला सांगितलंही होतं.

तुतिक रडली नाही. शर्टांच्या आड उभी राहून ती म्हणाली, "मला राग आला. वाट बघणं म्हणजे प्रेम नव्हे, काही न करण्याची ती सोय आहे. दिवा लावला की झालं. विजेचं बिल कोण भरतं, हे लेखिकेनं कुठे लिहिलं नाही. ही माझी शेजारीण असती ना, तर मी म्हटलं असतं, बाई, तो दिवा काढ, खिडकी लाव आणि कामाला लाग."

या बोलण्यावर जो गदारोळ झाला तसा आधी कधी झाला नव्हता. निम्मे लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणाले, निम्मे म्हणाले, कुणीतरी खरं बोललं एकदाचं. फोन दिवसभर टुणटुणायचा. तुतिक खुशीत होती.

आता तिच्या सासूबद्दल सांगायला हवं. पोनिराह आजी त्याच घरात राहतात. त्यांचा नवरा लाकूड वाहणाऱ्या जहाजावर समुद्रापलीकडे कालिमंतानला गेला तेव्हा तुतिकचा नवरा दार्मांतो पाचवीत होता. दोन वर्षं पैसे आणि पत्रं येत होती, मग काही आलं नाही. मेल्याची खबर नाही, दुसरा संसार थाटल्याचीही नाही. त्याचं एक तपकिरी जाकीट पुढच्या खोलीत खुंटीवर टांगलेलं असायचं. मी त्या घरात रोज जाते. इतक्या वर्षांत ते जाकीट मला दिसेनासं झालं होतं, भिंतीवरची पाल दिसेनाशी होते तसं. तुतिकलाही तसंच झालं असणार. सकारबद्दल बोलताना सासू तिच्या मनातसुद्धा आली नव्हती, हे ती मला नंतर शपथेवर म्हणाली, आणि मला ते पटतं.

दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी आम्हा बायकांचं कुराणपठण असतं. ते झालं की चहा, तळलेली केळी आणि गप्पा. त्या गुरुवारी एकीनं हसत हसत फोनवर तुतिकचं बोलणं लावलं. तुतिक दुकानात होती, आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी लावणाऱ्या बाईला डोळ्यांनी खुणावलं, पण तिला काही कळलं नाही. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चहाचा पेला खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. या खेपेला कुणी हसलं नाही.

मी तिथून निघाले ती थेट दुकानात गेले आणि तुतिकला सांगितलं. तिच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. एका शाळेच्या सदऱ्यावर पिवळा डाग पडला तेव्हा तिला भान आलं. त्या संध्याकाळी तिनं सासूशी बोलायचा दोनतीनदा प्रयत्न केला. आई, बरं वाटत नाही का, असं विचारलं. मला काय धाड भरलीय, असं उत्तर आलं. जेवताना तिनं पुस्तकाचा विषय काढायला तोंड उघडलं, तर आजींनी तिच्या ताटात माशाचा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, खा.  आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुतिक मला नंतर म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तुतिक दुकान उघडून नऊच्या सुमारास घरी डोकावली, तर आजी नव्हत्या. बाजारात असतील असं तिला वाटलं. अकरा वाजले तरी पत्ता नाही. मग तिनं खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. आजींचा साधा बटणांचा फोन उशीखाली होता, बंद करून ठेवलेला.

ती माझ्या दारात आली तेव्हा तिच्या पायांत चपलासुद्धा नव्हत्या. आम्ही बाजार पालथा घातला, दवाखाना बघितला, नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. पुलावर पोचल्यावर ती कठड्याजवळ जाईना. "ताई, तुम्ही बघा," एवढंच म्हणाली. मी खाली बघितलं. पाणी नेहमीसारखं गढूळ होतं, दोन माणसं गळ टाकून बसली होती. चौकातला फळवाला म्हणाला, सकाळी आजी प्रवासी घेणाऱ्या निळ्या गाडीत बसल्या, बाह्यांत हात घालून मोठं जाकीट घातलं होतं. गाडी कुठली ते त्याला सांगता येईना. त्या चौकातून सगळीकडेच गाड्या जातात.

दार्मांतो फ्रिज दुरुस्तीची कामं करतो. काम टाकून तो आला. त्यानंही ते बोलणं ऐकलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तुतिकनं सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. बूट घालता घालता म्हणाला, "बाबांचं तुला माहीत होतं ना, तुतिक?" ती हो म्हणाली.  बाबा सुराबायाच्या बंदरातून गेले होते, म्हणून तो मोटारसायकल घेऊन सुराबायाला निघाला. शुक्रवारची नमाजही चुकवली. दार्मांतोनं शुक्रवार चुकवलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी तुतिकजवळ बसून राहिले. तिचा फोन मध्येच टुणटुणला की ती दचकून बघायची, आणि तिकडे कुणीतरी लिहिलेलं असायचं, 'ताई, अगदी बरोबर बोललात, असल्या बायकांना कुणीतरी सांगायलाच हवं.' तिनं फोन उलटा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला, कारण दार्मांतोचा फोन आला तर कळायला हवं. दोन तासांनी त्याचा फोन आला. तो म्हणाला, इथे कुणाला काय विचारू? सगळीकडे बोचकी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बायकाच आहेत, मी एकेकीच्या तोंडाकडे बघत फिरतोय. 

फोन ठेवल्यावर तुतिक पांढरीफटक पडली होती. मला म्हणाली, "ती समुद्रात जाते ना, सकार. गळ्यापर्यंत. त्या प्रसंगाला मी हसले होते. दोन पानं फुकट घालवली, म्हटलं होतं. पण ती परत का फिरते? मला आठवतच नाहीये, ताई. मी ते नीट वाचलंच नसेल."

ते पान बघायला ती उठली. तिची पुस्तकं शिवणयंत्राच्या खणात असतात. खण उपसून झाला तरी 'बंदरासमोरचं घर' मिळेना. आधी तिला वाटलं, कुणाला दिलं असेल. मग ती थबकली. कुणालाच दिलं नव्हतं. बुधवारी खणात होतं.

मला काही सुधरलं नाही, पण तुतिकच्या डोळ्यांत जरा धुगधुगी आली. आजींना बारीक अक्षर दिसत नाही. पुस्तक नेलं असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यायला. आणि वाचून कोण दाखवणार? वर डोंगरातल्या बातू गावात त्यांची मैत्रीण राहते, सुहार्ती बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. तुतिकनं आजींचा फोन चालू करून तो नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेवढ्यानं तिची धुगधुगी विझली. पण घरात बसवतही नव्हतं. स्कूटरवर मी मागे बसले. चढाच्या रस्त्यावर ती ट्रकांना अशी ओलांडत होती की मी डोळे मिटून घेतले. वाटेत एकदाच बोलली. तिथे नसतील तर मी घरी कशी जाऊ, असं म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

सुहार्ती बाईंच्या ओसरीवर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. मध्ये भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. सुहार्ती बाई नाकावर चष्मा लावून मोठ्यानं वाचत होत्या आणि आजी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून ऐकत होत्या. तुतिकनं फाटक ढकललं.

आजींनी तिच्याकडे बघितलं आणि हात वर केला. "थांब, संपत आलंय."

आम्हाला थांबावं लागलं. तुतिकनं हलक्या आवाजात दार्मांतोला कळवलं आणि पायरीवर येऊन बसली. नवरा परत येतो, कढत पाणी, पाय, सगळं आम्ही पुन्हा ऐकलं. तुतिकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते त्या कादंबरीसाठी नव्हतं. सुहार्ती बाईंनी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

तुतिक म्हणाली, "आई, आम्हाला वाटलं... जाकीट नव्हतं खुंटीवर."

"बातूला थंडी असते," आजी म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरं कुठलं आहे?"

"फोन तरी न्यायचा."

"मुद्दाम ठेवला. तुझ्याशी बोलायचं नव्हतं मला."

तुतिक माफी मागू लागली. आजींनी ती मागू दिली, मध्ये थांबवलं नाही. मग बोटानं पुस्तकावर टकटक केलं.

"दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी या बाईला मूर्ख म्हणणार नव्हते. म्हणून सगळं ऐकलं. तू म्हणालीस ते थोडं बरोबर आहे. एवढ्या वर्षांत ती खाते काय, हे कुठेच नाही. लिहिणारीनं तिला खिडकीत बसवून ठेवलं. अशी कुणी बसत नाही." त्यांनी एक शेंग फोडली. "मीही बघितली वाट. पहिली तीन-चार वर्षं. मग कोण बघतं? सोयाबीन भिजवायचं, ते आंबवून टेंपेच्या वड्या करायच्या, डोक्यावरून बाजारात विकायला न्यायच्या. तुझ्या नवऱ्याला शिकवायचं. जाकीट खुंटीवर राहिलं कारण ते चांगलं होतं. लोक म्हणायला लागले, पोनिराह वाट बघतेय. म्हटलं, म्हणू देत. तेवढ्यानं एकट्या बाईचं दार रात्री कुणी ठोठावत नाही."

तुतिकनं मान खाली घातली होती.

"काही न करण्याची सोय," आजी म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझ्या हातचं खातेस. तू तरी असं म्हणायला नको होतंस."

"मी तुमच्याबद्दल नव्हते म्हणत, आई."

"तेच तर. मी तुझ्या ध्यानातच नव्हते."

 सुहार्ती बाई चहा घेऊन आल्या. त्यांना आतून सगळं ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी हवेचा विषय काढला. थोड्या वेळानं मीच धीर करून विचारलं, आजी, तुम्ही ओतलं असतं का त्याच्या पायांवर पाणी? त्यांनी विचार केला. "ओतलं असतं. पण आधी विचारलं असतं, होतास कुठे? ही विचारत नाही. ते मला खोटं वाटलं."

आजी त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या नाहीत. सुहार्ती बाईंकडे राहते म्हणाल्या, आणि पाच-सहा दिवस राहिल्या. दार्मांतो सुराबायाहून परस्पर बातूला गेला, आईजवळ बसून जेवला आणि एकटाच परत आला. तो आठवडा त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तुतिकनं ते बोलणं फोनवरून काढून टाकू का, असं आजींना विचारून पाठवलं होतं. राहू दे, असा निरोप आला. सगळ्यांचं ऐकून झालंय, आता काढून कुणाला फसवणार?

आजी परत आल्या तेव्हा तुतिकनं काय करावं हे तिला कळेना. ती नुसती दारात उभी राहिली. आजींनी पिशवीतून बातूची सफरचंदं काढून तिच्या हातात दिली आणि जाकीट धुवायला टाकलं. ते पुन्हा खुंटीवर गेलं की कपाटात, हे मी बघितलं नाही, मुद्दाम बघायचं टाळलं.

तुतिक अजून कादंबऱ्या वाचते आणि अजून खरं तेच बोलते, पण आधी बराच वेळ शर्टांच्या आड गप्प उभी असते. परवा मी तिला विचारलं, नवीन आलेली ती डॉक्टराची कादंबरी कशी आहे? ती म्हणाली, वाईट आहे, पण डॉक्टराच्या आईबद्दल मी काही बोलणार नाही, तिची बाजू पुस्तकात आलेलीच नाही. आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात समोर आजी चपला घालताना दिसल्या आणि तुतिकचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"आई, कुठे निघालात?"

"मिरच्या आणायला," आजी म्हणाल्या, आणि पदरासारखी ओढणी डोक्यावर घेऊन चालू लागल्या. त्या बाजाराच्या वळणावर वळेपर्यंत तुतिक रस्त्याकडे बघत राहिली.