धक्क्यावरची बाई

ग्लेब प्लातोनोविच रेझांत्सेव्ह एका जागी बसलेत, असं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा ते काटा हातात घेऊन खिडकीपाशी जायचे. कॉन्स्टँटिनोपलच्या एका खानावळीत आम्ही दोघं वाजवायचो, ते पियानो आणि मी चेलो. पुढे पॅरिस झालं, न्यूयॉर्क झालं. बोलपट आले तेव्हा आम्ही हॉलीवूडला पोचलो. तिथे रशियन कमी नव्हते. झारच्या फौजेतले खरेखुरे कर्नल पडद्यावरच्या गर्दीत कर्नल बनून उभे राहायचे. ग्लेब प्लातोनोविच मात्र चित्रपटांना संगीत द्यायला लागले आणि आमचा वाद्यवृंदही तेच चालवायचे.

त्या वर्षी हॅस्कल नावाच्या निर्मात्याचा एक चित्रपट संगीतासाठी आमच्याकडे आला. त्यात मुलगा परदेशी निघतो आणि आई धक्क्यावरून हात हलवते, असा प्रसंग होता. समोर पडद्यावर चित्र चालू असायचं आणि त्याच्या बरोबरीने आम्ही वाजवायचो. आई पाठ फिरवून चालायला लागली की संगीत थांबलं पाहिजे, एवढंच काम.

पण ते थांबेना. दर वेळी आई निघून जायची आणि ग्लेब प्लातोनोविचांची छडी हलतच राहायची.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून, काचेमागून हॅस्कल ओरडला, "अहो रेझांत्सेव्ह, घड्याळ बघता येतं की नाही?"

"ती फार लवकर वळते."

"मग तुमची सुरावट कापा!"

"सुरावट बरोबर आहे. बाई चुकते आहे."

व्हायोलिनवाले माना खाली घालून हसले. हॅस्कल लालबुंद झाला. "संगीतकारासाठी चित्र लांबवलेलं ऐकलंय कुणी? सकाळपर्यंत जमवा, नाहीतर दुसरा माणूस आणतो."

बाहेर लिंबाच्या झाडांखाली ते येरझारा घालत होते. मी वैतागून म्हटलं, "ग्लेब प्लातोनोविच, चार सूर कापायचे आहेत, बोट नाही कापायचं!"

ते थांबले. "तीखोन, रशिया सोडला तेव्हा नोवोरोसिस्कच्या बंदरावर माझी आई आली होती पोचवायला. मी तिचा हात सोडला आणि जहाजात थेट खाली पळालो. झोपायला जागा मिळेल की नाही, याची धास्ती होती रे. वर आलो तेव्हा किनारा दिसत नव्हता. ती किती वेळ उभी होती, कधी वळली, मी पाहिलंच नाही."

पुढच्याच वर्षी ती टायफसने गेली, हे मला ठाऊक होतं.

मी संकलन करणाऱ्या ऑगस्टा पीलबाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना पाठवा इकडे. आणि त्यांना म्हणावं, माझ्या खोलीत फेऱ्या मारायच्या नाहीत, जागा नाही."

टाकून दिलेल्या फितींमध्ये एक तुकडा निघाला. दिग्दर्शकाने 'बस' म्हटल्यावरही नटी उभीच होती. हात खाली, नजर समोर. बहुधा दमली असावी. बाईंनी तो तुकडा जोडला.

सकाळी आम्ही वाजवलं. शेवटचा सूर विरला आणि त्यानंतर ती वळली. हॅस्कलने घड्याळ पाहिलं. मग कुरकुरला, "असू द्या. पण हे असलं पुन्हा नको."

चित्रपट पहिल्यांदा लोकांना दाखवला त्या दुपारी ग्लेब प्लातोनोविच आत आलेच नाहीत. खेळ संपल्यावर मी बाहेर आलो, तर ते मोटारींच्या रांगांमधून भटकत होते.

"हसले लोक?"

"नाही."

"खोकले?"

"एकजण. पण तो पहिल्यापासूनच खोकत होता."

ते हसले आणि पुन्हा चालायला लागले.

हॅस्कलने त्यांचा करार वाढवला नाही. ते दुसऱ्या स्टुडिओत गेले, तिथून तिसऱ्या, आणि पुढची बारा वर्षं घोड्यांच्या शर्यतींना अन् तलवारबाजीला संगीत देत राहिले. तो चित्रपट शहरात कुठेही लागला की मात्र ते एकटेच जायचे. थिएटरवाला सांगायचा, म्हातारे शेवटच्या रांगेमागे उभे राहतात, आणि ती बाई वळली की निघून जातात.