दोन बोटांची परीक्षा

शिकायला ज्यांना जरा जास्त वेळ लागतो, अशा मोठ्या माणसांना माळीणबाई बागकाम आणि टोपल्या विणायला शिकवत. त्यांतला दादा बेचाळीस वर्षांचा. टोपल्यांशी त्याचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. शेवटी बाईंनी त्याला गुलाबाच्या काड्यांपाशी बसवलं. काडी दोन बोटांत धरायची, हलकेच वर ओढायची. अडली तर मुळं फुटली, सुटून आली तर परत खोचायची.

झालं! दादाने हे असं मनावर घेतलं की कशाचीच सुटका नाही. खुर्च्या, दाराच्या कड्या, बाईंची वेणी, सगळं ओढून झालं. मूळ "आहे" नाहीतर "नाही", असा निकाल तो गंभीर चेहऱ्याने देई. चहावाल्याच्या मिशीला "आहे" मिळालं तेव्हा बाई पोट धरून हसल्या.

घरी मात्र कुणी हसलं नाही. शुक्रवारी त्याची धाकटी बहीण तणतणत आली. खिडकीतली सगळी रोपं त्याने उपटली होती. चार महिन्यांत हा एवढंच शिकला असेल, तर सोमवारपासून पाठवत नाही, म्हणाली. दादाशिवाय सकाळ ही कल्पनाच बाईंना सहन होईना.

त्यांनी काड्यांचा ट्रे पुढे सरकवला. "तुम्हीच दाखवा एखादी."

बहिणीने छान पालवी फुटलेली दाखवली. दादाने दोन बोटं लावली. "नाही." काडी अलगद वर आली, खाली मुळाचा पत्ता नाही. मग तिने मुद्दाम एक मरतुकडी निवडली. "आहे." बाईंनी माती उकरली, तर बोटभर पांढरी मुळं. ती काडी आपण सकाळी फेकणारच होतो, हे त्यांनी कबूल करून टाकलं.

"आणि माझी रोपं?" बहिणीने विचारलं.

"एकालाही मूळ नाही," दादा म्हणाला.

बाईंनी चौकशी केली. बहीण दिवसातून तीनदा पाणी घालत होती. मुळं केव्हाच कुजली होती. ती ओशाळली.

"चल दादा, उशीर झाला," म्हणत तिने त्याचा हात ओढला. दादा बाकावरून तसूभर हलला नाही. तिने पुन्हा, जरा हलकेच ओढून पाहिला.

"आहे," दादाने निकाल दिला.

ती मटकन त्याच्या शेजारी बसली. हसता हसता डोळे पुसले आणि सोमवारी नेहमीच्याच वेळी सोडायचं ना, एवढंच बाईंना विचारलं.