दार उघडं राहिलं तो दिवस

मित्रांनो, मी लिफ्ट आहे, आणि तीही म्हातारी. न्यायालयाच्या या पाच मजली इमारतीत वर-खाली करण्यात माझं सारं आयुष्य गेलं. जिना चढताना माणसं धापा टाकतात; माझ्यात उभी राहिली की बोलतात. त्यामुळे मला बऱ्याच गोष्टी कळतात.

माझा जन्म कारखान्यातला. पाठीला चकचकीत लाकूड, पितळी बटणं आणि पुढे जाळीचं सरकतं दार. मला इथं बसवलं तेव्हा लोक काम नसताना वर जाऊन खाली यायचे. दिमतीला गणवेशातला लिफ्टमन होता. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही आणि मी ज्याच्या-त्याच्या हाती पडले. लोक बटणांवर बुक्क्या मारू लागले. जरा कुरकुरले की म्हणायचे, "काय खटारा आहे!" मला राग यायचा. अजूनही येतो.

माझं मन राखणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझी दुरुस्ती करणारा मिस्त्री. तरुणपणी दुसऱ्या देशातून कामासाठी आला आणि इथलाच झाला. इथंच लग्न केलं, इथंच त्याच्या मुली मोठ्या झाल्या. तेलाची बुधली घेऊन आला की म्हणायचा, "काय गं म्हातारे, आज काय दुखतंय?"

माझी एक सवय लोकांना मुळीच आवडत नसे. दार पूर्ण ओढून लावलं नाही, तर मी जागची हलत नाही. कुणी घाईत दार उघडं टाकून गेलं की सगळ्या मजल्यांवरची माणसं खोळंबतात. एकदा इमारतीचे व्यवस्थापक मिस्त्रीवर डाफरले, "ही कटकट काढून टाका. एक तार जोडली की झालं!"

"साहेब, दार उघडं असताना ही हलली तर कुणाचा तरी पाय जाईल. मी नाही जोडणार."

"मग लोकांनी काय ताटकळत बसायचं?"

"बसू देत. पाय तरी शाबूत राहतील."

मित्रांनो, त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

आणि एके दिवशी मिस्त्री यायचाच बंद झाला. दोन कारकून माझ्यात बोलत होते, त्यावरून कळलं. त्याच्या राहण्याच्या परवान्याची चौकशी होती. हजर राहण्याची नोटीस जुन्या घरी गेली. ते घर त्याने केव्हाच सोडलं होतं. तो हजर झाला नाही, म्हणून सरकारने परस्पर ठरवून टाकलं की याला देशाबाहेर काढा. पोलीस त्याला घेऊन गेले होते.

पुढे एका दुपारी, कामकाज संपत आलेलं असताना, त्याची बायको वकिलांबरोबर धावत आत शिरली. शिवणाच्या मशीनवरून तशीच उठली असावी, मापाची टेप अजून गळ्यात होती.

"वकीलसाहेब, संध्याकाळचं विमान आहे हो! होईल ना?"

"तिसऱ्या मजल्यावर अर्ज दाखल करू, मग लगेच वर. पाचव्या मजल्यावर न्यायाधीश मॅडम काम आटोपून उठायच्या आत पोचलं पाहिजे."

"आणि उठल्या असतील तर?"

वकिलांनी तिसऱ्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

तिसरा मजला येताच दोघंही पळत सुटली, आणि दार उघडंच राहिलं. जिने घरी नवऱ्याच्या तोंडून 'दार ओढून घ्या' हे रोज ऐकलं असेल, तिनेच! माझा अगदी तिळपापड झाला. तेवढ्यात पाचव्या मजल्यावरून घंटा वाजू लागली. थांबेचना. मग वरून शिपायाचा आवाज आला, "अहो, दार लावा कुणीतरी! मॅडम निघाल्यात!"

मी हादरलेच. न्यायाधीश मॅडम उठल्या होत्या. पण त्यांचे गुडघे धरलेले, जिना त्यांना जमत नाही. म्हणजे माझं दार उघडं आहे तोवर त्या वरच अडकलेल्या! जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, ती दोघं परत येईपर्यंत कुणीही दार लावू नये.

शिपाई मात्र तणतणत जिना उतरू लागला. त्याच्या वहाणा चौथ्या मजल्यावर वाजल्या. अर्जाच्या खोलीतून अजून कुणी बाहेर येत नव्हतं. वहाणा जवळ आल्या. त्याने दाराला हात घातला, तोच वकील आणि मिस्त्रीची बायको समोर आली.

"कुणी हो उघडं टाकलं? मॅडम वर खोळंबल्यात!"

"मॅडम? अजून आहेत?" वकील ओरडलेच. तिघंही आत घुसली. मी जीव एकवटून चढले, एकदाही कुरकुरले नाही.

पाचव्या मजल्यावर दार सरकलं. समोर काठी टेकून मॅडम, आणि त्यांच्यामागे माझ्यासाठीच ताटकळलेले, परवान्यांची प्रकरणं सांभाळणारे सरकारी वकील.

"मॅडम, आज संध्याकाळी यांच्या नवऱ्याला विमानात बसवताहेत. निर्णयाला आम्ही आव्हान दिलंय."

"कामकाज संपलंय. उद्या या."

"उद्या ते इथं नसतील हो," मिस्त्रीची बायको म्हणाली. "त्यांना सोडा असं म्हणत नाही मी. एकदा त्यांचं ऐकून तरी घ्या. कुणीच ऐकलं नाही त्यांचं."

मॅडमनी सरकारी वकिलांकडे वळून पाहिलं. "खरं आहे हे? त्याचं म्हणणं घेतलंच नाही?"

"नोटीस पाठवली होती, मॅडम..."

"त्याला मिळाली होती का?"

सरकारी वकिलांनी मान खाली घातली. "तसा पुरावा नाही."

"दोन्ही बाजू इथंच आहेत. चला आत."

मी तिथंच थांबून राहिले. थोड्या वेळाने शिपाई माझ्यासमोरच्या टेबलावरून विमानतळावर फोन लावू लागला. कुणी उचलेना. मिस्त्रीची बायको जाळीला घट्ट धरून उभी होती. अखेर फोन उचलला गेला.

"न्यायालयातून बोलतोय. स्थगिती आहे... बसवलंय? मग उतरवा! आत्ताच्या आत्ता उतरवा!"

ती हुंदके देऊन रडू लागली.

पुढे रीतसर सुनावणी झाली, मिस्त्रीचं ऐकलं गेलं आणि तो निर्णय रद्द झाला.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवी लिफ्ट येणार आहे. मला काढायला आज मिस्त्रीच आला आहे. पहिला पाना लावण्याआधी तो हळूच म्हणाला, "उतरवू ना गं म्हातारे?" मग माझ्या जाळीवर हात ठेवला. मी तर नुसतं लोखंड, तरी त्याने मला विचारलं. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी न्यायाधीश. कुणाला घरादारातून उठवण्याआधी त्याला समोर बसवा आणि विचारा.