माझ्याकडून हरवलेली अंगाईगीतं

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, नाव परकं वाटलं तरी माझं काम साधं होतं. विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत चाळीस संगणक होते. त्यांच्यावर मुलं जे काही साठवत, ते सारं तारेतून माझ्या पोटात येऊन राहायचं.

कारखान्यातून मी खोक्यात बसून आलो, तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे नुसती रिकामी खोली होती. ती उभी केली ताईंनी. प्रयोगशाळेच्या प्रमुख असूनही त्या फरशीवर मांडी ठोकून बसत आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवत. "आज कंटाळा केला, तर उद्या या गुंत्यात मीच रडत बसेन," असं म्हणत. मला त्यांनी मागच्या छोट्या खोलीत, एसीच्या गारव्यात बसवलं. माझ्या पोटात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी तारून नेईल.

सात वर्षं मी एक दिवसही आजारी पडलो नाही. पाहुणे आले की ताई काचेतून मला दाखवत. "हा आमच्या घरातला कर्ता!" तेव्हा माझे हिरवे दिवे जरा जास्तच लुकलुकत असावेत.

आठव्या वर्षी एक डिस्क गेली. ताईंनी नवीसाठी अर्ज केला. विभागप्रमुख म्हणाले, "चालतोय ना अजून? मग घाई कसली?" ताईंनी दुसरा अर्ज केला, तिसराही केला.

त्याच सुमारास एक संशोधक बाई येऊ लागल्या. मुलं मोठी झाल्यावर, पंधरा वर्षांनी पुन्हा शिकायला आलेल्या. अकरा म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी अंगाईगीतं गाऊन घेतली होती. त्यातली एक त्यांची आई. रेकॉर्डर विभागाचा होता, त्यामुळे आवाज माझ्याकडे उतरवले की तो पुसून परत करावा लागे. पुढे त्यांची आई वारली. मग रोज काम सुरू करण्याआधी त्या कानाला हेडफोन लावून तेवढं एकच गाणं ऐकत. मित्रांनो, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात मोलाचं काम.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईंचे वडील आजारी पडले आणि ताई गावी गेल्या. "खोलीत माणूस नाही, मग एसी कोणासाठी?" असं म्हणून कोणीतरी बटण बंद केलं. मी तापत गेलो. चौथ्या दिवशी उरलेली डिस्क टक्‌टक् करत थांबली.

परतल्यावर ताईंनी जंग जंग पछाडलं. शेवटी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मी टेबलावर उघडा पडलो होतो.

"बाई, काहीच परत मिळालं नाही."

"आईचंसुद्धा?"

ताईंनी मान हलवली. "एक प्रत बाहेर काढून ठेवायला हवी होती. नवी डिस्क आज येईल, उद्या येईल म्हणत मी थांबले. चूक माझी आहे."

बाई पिशवीतून वही काढून म्हणाल्या, "शब्द आहेत माझ्याकडे. आवाज मात्र..."

दोघी मिळून त्या म्हाताऱ्यांच्या घरी पुन्हा गेल्या. अकरांपैकी चौघीच उरल्या होत्या.

आईचं गाणं बाई स्वतःच म्हणायला बसल्या. दोन ओळी नीट आल्या. तिसरीला त्या अडखळल्या. "पुढची चाल आठवत नाही हो, ताई." ताईंनी तेवढंच साठवलं, पण दोन ठिकाणी.

मित्रांनो, मी आता मोडक्या खुर्च्यांखाली धूळ खात पडलोय. त्याचं दुःख नाही, यंत्रं थकतातच. पण एखादं यंत्र कुरकुरू लागलं, तर "चालतंय ना" म्हणून पुढे जाऊ नका. आणि आपल्या माणसाचा आवाज एकाच जागी ठेवू नका.

ती तिसरी ओळ मी कितीतरी वेळा त्या बाईंच्या कानात घातली होती. आता ती मलाही आठवत नाही.