बाराव्याला की तेराव्याला?

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा. इंदापूरच्या सुताराने मला घडवलं, कडांना लाल-हिरवा रंग दिला आणि वर चार लाकडी पोपट टांगले. तेव्हापासून मी भवानीनगरात तात्याबांच्या घरी आहे. माझं अर्धं आयुष्य झोपेत गेलं, अर्धं झोक्यात. बाळं स्वप्नात का हसतात, हे मला थोडंफार ठाऊक आहे. सांगणार मात्र नाही.

गल्लीतल्या बायका मला कौतुकाने मागून न्यायच्या. मग स्प्रिंगचे पाळणे आले आणि मी माळ्यावर गेलो. साखर कारखान्याच्या मळीचा वास घेत पेंगत पडलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी तात्याबांच्या मुलाला, नागेशला, बाळ झालं आणि मला पुसून खाली आणलं. बाळ गुटगुटीत होतं. पण ते मुलगा की मुलगी, हे बघून सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "अशीही बाळं जन्मतात. तपासण्या करू. तब्येत छान आहे, ऑपरेशनची घाई नको. मोठं झालं की ते स्वतः सांगेल."

पण या घरची रीत अशी, की मुलीचं बारसं बाराव्या दिवशी आणि मुलाचं तेराव्या. शेजारीण रोज दारातून विचारी, "मग, बाराव्याला का तेराव्याला?" तात्याबा मेटाकुटीला आले. कुणीतरी त्यांना दुसरा डॉक्टर सुचवला.

"बारशाआधीच ऑपरेशन करून टाकू. एकदा काय त्ये ठरलं म्हंजे लोकांची तोंडं बंद," तात्याबा म्हणाले.

बाळाची आई श्रेया माझी दोरी घट्ट धरून बसली. मला फार भीती वाटली.

अकराव्या दिवशी आत्या आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. ही नागेशची थोरली बहीण, तात्याबांची चौथी मुलगी. मुलगा हवा असताना झाली, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं नकोशी. तीही माझ्यातच निजलेली, झोपेत हुंदके देणारी.

सगळं ऐकून ती म्हणाली, "तात्या, माझं नाव ठेवताना लई घाई केली तुमी. तीस वर्षं वागवतीया मी त्ये. नाव तरी बदलता येतं. कापलेलं माघारी येत न्हाय."

तात्याबा बराच वेळ मला झोका देत राहिले. मग म्हणाले, "रविवारी समद्यांना सुट्टी हाय. तवाच करू बारसं."

रविवार पंधरावा दिवस होता. शेजारणीला काय विचारावं तेच सुचेना.

बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. ती वाकून काय म्हणाली, ते बाळाने आणि मीच ऐकलं. "कुर्रर्र... किरण. न्हाय आवडलं तर सांग, बदलू. तुला इचारल्याबिगर आमी कायबी ठरवणार न्हाय."

किरण आता माझ्यात मावत नाही, दिवसभर बडबडतं. मित्रांनो, असं कुणी तुमच्या शेजारच्या बाकावर बसलं, तर चिडवू नका, खोदून विचारू नका. स्वतःविषयी काय सांगायचं ते त्याला सवडीने सांगू द्या.

परवा तात्याबांनी नकोशीला जवळ बसवून विचारलं, "पोरी, तुला कंचं नाव आवडलं असतं?"

ती नुसती रडत राहिली. तिलाही थोडा वेळ द्यायला हवा.