डोकी कुठे आहेत?

"सात मार्क पक्के झाले ना, मॅडम? मंग आता हे चित्र काढनं बंद करू द्या पोरीले," देवसिंग दारातूनच म्हणाला. कापूस विकून हा बंजारा शेतकरी थेट बाजारातून शाळेत आला होता. मिशीत, कानामागे कापसाचे तंतू अडकलेले. त्याच्या मागे त्याची मुलगी बबिता उभी होती. यंदा ती दहावीला होती. सहीसाठी आणलेली, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स तिने छातीशी धरली होती.

कोकिळा मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. दिग्रसच्या या शाळेत त्या एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या आणि महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. मोडके बाक ठेवायला ही चित्रकलेची खोली लागेल, असं मुख्याध्यापकांनी चहा पाजून, गोड शब्दांत सांगून टाकलं होतं. त्याचंही मॅडमना फारसं वाटलं नाही. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना उसना द्यायचा तास, हे त्या कधीच पचवून बसल्या होत्या. त्यांची एकच इच्छा उरली होती. दहावीनंतर बबिताने चित्रकलेच्या कॉलेजात जावं. एक पोरगी जरी गेली, तरी एकतीस वर्षं वाया गेली नाहीत असं स्वतःला सांगता आलं असतं.

"देवसिंगभाऊ, बसा आधी. हे मार्कांपुरतं नाही हो. पोरीच्या हातात कला आहे. तिला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात टाका. प्रवेशाला मी स्वतः येते सोबत."

देवसिंग बसला नाही. "मॅडम, तुमीनच तं तांड्यावर येऊन सांगतलं होतं. नायकाच्या वट्यावर बसून. चित्राच्या परीक्षेत अ श्रेनी आनली का दहावीत सात मार्क भेटते म्हून. तिची याडी, मंजे माय, नाई म्हनत होती. कापूस येचाच्या टायमाले पोरगी शाळेत चित्र काढत बसते, हे काय काम हाय म्हने. मी म्हनलं, सात मार्क हाय, जाऊ दे. आता भेटले ना? मंग अजून कायले?"

मॅडमनी सांगितलं होतंच तसं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पालकसभेत मॅडम म्हणाल्या होत्या की चित्र काढणारं मूल नीट बघायला शिकतं. तेव्हा मागचे दोन पालक उठून तंबाखूचा खर्रा घोटायला गेले होते. पुढच्या सभेपासून त्यांनी मार्कांची भाषा धरली आणि वर्ग भरून वाहू लागला. ती भाषा बोलता बोलता पहिली भाषा कधी विसरली, हे त्यांना आज कळत होतं.

"चित्र काढलं की माणूस..." त्या अडखळल्या. "माणूस पाहायला शिकतो, भाऊ."

"पाह्यतो तं आमी बी, मॅडम," देवसिंग हसला. त्या हसण्यात टिंगल नव्हती. "बोंड कवा फुटनार, आमाले बांधावरून दिसते." मग मॅडमचा चेहरा पाहून तोच नरमला. "माही काई जबरदस्ती नाई. तिलेच इचारा. पोरगी म्हनन तसं."

मॅडमना एवढी आशा नव्हती. त्यांनी घाईघाईने कपाट उघडलं आणि तळाचा एक कागद काढला. बबिता आठवीत असतानाचं स्मरणचित्र होतं ते, विषय 'बस स्टँड'. सगळ्या वर्गाने मॅडमनी पाठ करून घेतलेलं चित्र काढलं होतं: मागे बस, डावीकडे झाड, पुढे तीन माणसं, एक छत्रीवाली बाई. बबिताने मात्र नुसते पाय काढले होते. भेगाळलेल्या टाचा, झिजलेल्या चपला, एका पायाने दुसरा खाजवणारं कुणीतरी, बसचं चाक आणि त्या पायांच्या गर्दीत पाय बांधून ठेवलेली, वर बघणारी कोंबडी. पोरगी स्टँडवर खाली गाठोड्यावर बसायची, तिला तेवढंच दिसायचं.

मॅडम त्या दिवशी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या होत्या. मग परीक्षेत असलं चालणार नाही म्हणून कोंबडीच्या अगदी खाली त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'डोकी कुठे आहेत?' दहापैकी तीन गुण दिले. मग वर्षभर तिच्याकडून पुढची तीन माणसं डोक्यांसकट घोटून घेतली. चित्र आवडलं होतं, हे काही त्या तिला बोलल्या नाहीत.

"बबिता, तू काढलेलं हे सगळ्यात चांगलं चित्र आहे," आज त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत मी असं दुसरं पाहिलं नाही."

बबिता ओशाळली. वडलांना दिसू नये म्हणून तिने कागद अर्धवट झाकला. "हे चुकलं होतं, मॅडम. तुमीनच लिवलं हाय ना."

"ते माझं चुकलं, बाळ."

मॅडम निवृत्त होताहेत म्हणून असं बोलतात, असं तिला वाटलं असावं. "असू द्या ना, मॅडम," ती समजुतीने म्हणाली. "मंग तं आलं मले बरोबर."

"आणि असं काढावंसं नाही वाटत आता?"

बबिताने खरंच विचार केला. "पयले वाटे," ती म्हणाली. "आता बस स्टँड म्हनलं का तुमी शिकवलेलंच दिसते. पाय नाई दिसत. आन मार्क बी भेटले, मॅडम. आता कायले?"

मॅडमनी झेरॉक्सवर सही केली, शिक्का मारला. देवसिंगने दोन्ही हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, मॅडम. सारा तांडा नाव काढते तुमचं." बाप-लेक पायऱ्या उतरून गेले. कागद टेबलावरच राहिला.

मॅडमनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. शाई कशी खरवडायची, हे त्यांनीच कितीतरी वर्गांना शिकवलं होतं: ब्लेड आडवं धरायचं, दाबायचं नाही. 'आहेत' निघालं. 'कुठे' निम्मं निघालं. पण त्या दिवशी त्यांनी पेन फार दाबून चालवलं होतं. अक्षरं कागदाच्या मागून उमटली होती. त्या खरवडत राहिल्या. कागदाचा भुसा निघाला, मग कागद विरला आणि फाटला. त्यात कोंबडी गेली. त्या चित्रात डोकं असं तेवढं एकच होतं.

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. कोकिळा मॅडम त्या भोकावर हात ठेवून बसून राहिल्या.